एल्वेरा नामक होडीचे नामांतर, त्याची हकीकत

श्रीग्रामदेवता समर्थ. वाचणारांनी चप्पल उंबऱ्याबाहेर ठेवोन, फोन मुका करोन, सावध बसावे. राज्ये बुडाली त्यांच्या बखरी बहुत जाहल्या, लढाया जाहल्या त्यांचेही कागद दफ्तरी आहेत. परंतु एक इमानी वाचक आपल्याच लाडक्या पुस्तकाकडून दगा पावला आणि घरी येवोन त्याहून मोठी शिकस्त खाता जाहला आणि त्या शिकस्तीतच त्याची फत्ते जाहली, हे वर्तमान कोणी लिहिले नाही. सबब हा लेख. यात पदरचे काही घातले नाही. घातले असेल ते शोभेपुरते.

मौजे तोंडवली, तालुके मालवण, येथे राजश्री सुदेश म्हणोन वय वर्षे सत्तावीस, फायबरच्या होडीचे धनी, पर्यटकांस डॉल्फिन दाखविण्याचा उद्योग करीत, आणि डॉल्फिन न दिसल्यास "आत्ताच बुडी मारल्यान बघा" ऐसे सांगण्यात बहुत वाकबगार असत. तीर्थरूप आगबोटीवर चाकरीस, वर्षातून एकदा स्वारी घरी येई. मातुश्री रुक्मिणीबाई घरीच खानावळ चालवीत. धाकटी बहीण सलोनी मालवणास कॉलेजात शिके, आणि तिची जीभ ऐसी तेज की दादासाहेब तिजसमोर शब्द जपोन टाकीत. होडी तीर्थरूपांनी घेतली तेव्हा तिच्या नाकाडावर निळ्या रंगात 'रुक्मिणी' ऐसे नाव घातले होते. येथवर सर्व आबादीआबाद.

मग दैवयोग ऐसा जाहला की पुण्याकडील एक पर्यटक ओकाऱ्यांनी बेजार होवोन उतरला आणि एक पुस्तक होडीतच विसरोन गेला. जपानदेशी 'लाइट नॉव्हेल' म्हणोन एक प्रकार आहे. लाइट म्हणजे हलकी. परंतु एक खंड हातात धरिला की मागोमाग तेरा येतात आणि फळी वाकते, तेव्हा हलके काय ते लिहिणाराचे काम. त्यातील हा पहिला खंड, इंग्रजी तर्जुमा, नाव 'नवव्या चंद्राचा राजमार्ग'. त्यात कायशिन म्हणोन कचेरीतला एक कारकून मालमोटारीखाली सापडोन मरतो आणि दुसऱ्या दुनियेत जागा होतो, आणि तेथे त्यास काही न करिता सर्व विद्या येतात. हे असो. परंतु त्याच खंडात एल्वेरा म्हणोन एक बाई सरदार, मोडक्या तलवारीनिशी एकटी पुलावर उभी राहोन तीन दिवस राक्षसांची फौज अडविते, पाणी नाही, कुमक नाही, आणि मागे वळोन पाहात नाही. सुदेशरावांनी ते प्रकरण एका बैठकीत सात वेळा वाचिले. मग हंगामापूर्वी होडी रंगविण्यास काढिली तेव्हा बाबली पेंटरास हुकूम जाहला की जुने नाव खरडोन काढावे आणि 'एल्वेरा' ऐसे घालावे. बाबलीने दोनदा विचारिले, दोनदा होय म्हटले, आणि 'रुक्मिणी' पत्र्याच्या तुकड्याने खरडली गेली.

मातुश्रींनी येवोन पाहिले आणि "बरां दिसता" इतुकेच बोलोन परत गेल्या. परंतु त्या दिवसापासोन दोन वर्षे त्यांचा पाय होडीस लागला नाही. खाडीपलीकडे सर्जेकोटास, जेथोन मालवण जवळ, होडीने जावे तर पानास चुना लावीतो पोचावे. ती सोडोन मातुश्री एस्टीने सारा वळसा घालोन मालवणचा बाजार करीत, आणि येताना दोन्ही हातांत पिशव्या. सुदेशरावांनी किनाऱ्यावर इंजिन चालू ठेवोन किती वेळा वाट पाहिली, त्याची गणती नाही. होडीचा उल्लेख करणे पडल्यास मातुश्री तीस 'कोरफड' म्हणत, कारण एल्वेरा आणि अ‍ॅलोवेरा यांत त्यांचे कानास तफावत लागली नाही. पर्यटकही येवोन जेल मिळेल काय ऐसे पुसू लागले.

आता सुदेशरावांपुढे पेच उभा राहिला. नाव मागे घ्यावे तर चूक कबूल होते. न घ्यावे तर मातुश्री बसत नाहीत. यावर मसलत ऐसी ठरली की एल्वेरेचा पराक्रम पुढील खंडांत ऐसा वाढेल की मातुश्रींस बसवोन, वाचोन दाखवोन, "बघ गो आये, कोणाचा नाव घातलंय तां" ऐसे म्हणता येईल. सबब खंडांवर मोहीम काढिली. एकेक खंड कुरियरने येई आणि खासा स्वारी फटफटीवरोन मालवणास जावोन ताब्यात घेई.

दुसरा खंड बरा गेला. तिसऱ्यात कुरबूर जाणवली. चौथ्यात एल्वेरा तलवार ठेवोन स्वयंपाकाच्या शर्यतीत उतरली. पाचव्यात आठ राजकन्या आणि ती मिळोन नऊजणी गरम पाण्याच्या कुंडात बसल्या आणि खंड संपला तरी उठल्या नाहीत. सलोनीही दादामागोमाग वाचीत होती, तिने येथेच रजा घेतली आणि जाहीर केले, "दादा, ह्या बाईचा एक तरी वाक्य दाखव जां 'कायशिनसाहेब' म्हणान सुरू होणा नाय. तुजी पुलावरची ती गेली खंय? ही तर डबो भरून देणारी दिसता!" सुदेशराव बोलिले की लेखक डाव रचीत आहे, तुला कळावयाचे नाही. मनात मात्र पाल चुकचुकली.

सातव्या खंडात मेलेले चार सरदार एका दगडाच्या योगे जिवंत जाहले, आठव्यात तेच पुनः मेले, नवव्यात लेखकास विसर पडोन दोघे मेजवानीस हजर. दहाव्यात राक्षसांचा सेनापती, ज्याची दहशत नऊ खंड वाढविली, तो दोन प्रकरणांच्या मधल्या कोऱ्या जागेत मारला गेला. कोणी मारिला, कसा मारिला, पत्ता नाही. अकराव्यात सर्व मंडळी एका जत्रेत जावोन कपडे खरेदी करिती जाहली, पृष्ठे दीडशे. अरे, लढाई कोठे? मुलूख बुडतो आहे आणि हे फिती निवडतात! कायशिनास दर खंडी एक नवी विद्या आकाशातून मिळे आणि तो "मी साधा माणूस" ऐसे म्हणोन लाजत असे. त्या लाजण्याची सुदेशरावांस इतुकी चीड आली की बारावा खंड त्यांनी एकदा वल्ह्यावर आपटिला. तेरावा तर मागील बारांची उजळणी. तरीही इमान सोडिले नाही. डोळ्यांपुढे एस्टीतून उतरणाऱ्या मातुश्री आणि त्या पिशव्या होत्या.

श्रावण आला. होडी किनाऱ्यावर झावळांखाली उपडी होती ती सुलटी केली, आणि बाबली पेंटर डबे मांडोन बसला. नारळी पौर्णिमा चार दिवसांवर. बाबलीने पुसले, "सुदेशा, नाव तांच मारूचा काय? आताच काय तां सांग, मागसून माजो येळ खाव नको." त्याच सकाळी चौदावा खंड आला होता, आणि पाठीवर छापिले होते की एल्वेरा पुनः त्या पुलावर उभी राहणार. सुदेशरावांनी बाबलीस दुपारपावेतो मोहलत मागितली, आणि होडीच्या सावलीत पथारी टाकोन अखेरच्या किल्ल्यास मोर्चे लाविले.

दोनशे पाने निष्कारण गेली. मग तो पूल आला. राक्षसांचा खासा राजा समोर आला. एल्वेरेने तीच मोडकी तलवार उपसली. सुदेशराव पथारीवर उभे राहिले. "मार गो, मार!" ऐसे मोठ्याने ओरडले, बाबलीचा कुंचला हलला. आणि पान उलटिले तो काय, बाई "कायशिनसाहेब!" ऐसी किंकाळी फोडोन मूर्च्छा पावली! मग कारकून आकाशातून उतरला, अर्ध्या पानात राजा मारिला, आणि तीन पाने तिच्या भिजल्या पोशाखाचे वर्णन. मग ती शुद्धीवर आली तेव्हा त्याने फर्माविले की आजपासोन तुझे कूळ नको, सरदारकी नको, मी तुला 'एल्ली' म्हणेन. आणि ती लाजली. खंड समाप्त.

सुदेशराव आगीचे लोळ होवोन, खंड मुठीत धरोन, वाळूच्या पायांनी थेट स्वयंपाकघरात शिरले. मातुश्री नारळ खवीत होत्या, सलोनी कांदा चिरीत होती. तेथे त्यांनी लेखकाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि बोलिले, "आये, तुका कळता काय? तिचा नावच बदलल्यान! जिना एकटीन पूल राखल्यान, तिचा! कोणाक इचारून? तिका इचारूक सुदीक नाय!"

मातुश्रींचा हात थांबला.

"आणि तू माका इचारलंस?" ऐसे त्या बोलिल्या.

सलोनीने सुरी खाली ठेविली. सुदेशरावांचे सर्व मोर्चे एकदम उठले. मग त्यांनी खालच्या आवाजात अर्ज केला की चूक जाहली, पौर्णिमेस 'रुक्मिणी' पुनः घालतो, बाबली बसलाच आहे, तू फक्त होडीत ये. मातुश्रींनी नारळाची वाटी बाजूस केली आणि दोन वर्षांत बोलल्या नव्हत्या तितुके एकदम बोलिल्या.

"रुक्मिणी नाव तरी माजां खंय? तां तुज्या आजयेन लग्नात घातल्यान. तांदळात लिवल्यानी आणि माका म्हणाले, वाच. तुज्या बापाशीन होडयेर घातल्यान, तेवाय माका इचारूक नाय. तू खरडून काडलंस, तेवाय नाय. माका त्या नावाचा दुख्ख नाय रे झिला. तिनय येळा मी हयच होतंय, आणि कोणी तोंड उघडून इचारूक नाय, ह्याचा वायट वाटता."

सत्तावीस वर्षे ज्या हातचे जेविले, त्या बाईचे नाव आपणास ठाऊक नाही, हे सुदेशरावांस तेव्हा समजले. आधार कार्डावर रुक्मिणी, रेशन कार्डावर रुक्मिणी, मामा येई तोही 'बाय' म्हणोन हाक मारी. पुस्तकातील बाईचे कूळ, घोडा, तलवारीची लांबी, सर्व मुखोद्गत. आणि हे नाही. शरम वाटली. खंड चुलीजवळच्या सरपणावर ठेवोन त्यांनी सवाल केला, "मगे आये, तुजां नाव काय?"

मातुश्रींनी पदराने हात पुसले. सांगताना अंमळ लाजल्या, ते सलोनीने पाहिले.

"सुगंधा," ऐसे बोलिल्या.

मग "होडीक घालू काय?" ऐसा दुसरा सवाल जाहला, आणि मातुश्रींनी विचारास पुरा एक दिवस घेतला. त्यात सुदेशरावांनी चकार शब्द काढिला नाही, हा त्यांच्या आयुष्यातील पहिला पराक्रम. दुसरे दिवशी संमती आली, रंग लाल ठेवावा, या शर्तीवर.

नारळी पौर्णिमेचे सकाळी बाबलीने अखेरचा हात फिरविला. मंडळी किनाऱ्यावर जमली होती. सलोनीने दादास राखी बांधिली होती, आणि मातुश्री दर्यास वाहावयाचा नारळ घेवोन गर्दीच्या मागे उभ्या होत्या. बाबलीस ऐसी सवय की लिहिलेले मोठ्याने वाचोन काना-मात्रा तपासावी, सबब त्याने कुंचला कानावर ठेविला, दोन पावले मागे आला आणि खणखणीत आवाजात वाचिले, "सुगंधा!"

"ओ!" ऐसे मागोन उत्तर आले.

सर्व मंडळी वळली. मातुश्रींसही आपण काय बोललो ते उशिरा उमगले, आणि त्या हसल्या, आणि हसता हसता डोळ्यांस पदर लाविला. मग लुगडे घोट्यावर धरोन, कोणाचा हात न घेता, त्या होडीत चढोन नाकाडापाशी बसल्या.

येणेप्रमाणे मौजे तोंडवलीचे किनाऱ्यावर, नारळी पौर्णिमेस, राजश्री सुदेशरावांची फत्ते जाहली. चौदा खंड गारद, पंधराव्याची वाट पाहणे मौकूफ. साक्षीस भगिनी सलोनी आणि बाबली पेंटर. लग्नानंतर ही हाक येण्यास पस्तीस वर्षे लागली, ओ देण्यास पळभरही लागला नाही, हे नोंदवोन ठेविले पाहिजे म्हणोन लिहिले.