बिनव्याजी बिळाची पाटी

विषय : 'व्याज शून्य' या पाटीवरील मजकुराबाबत केशर सशिणीचा अर्ज.
संदर्भ : सदर पाटी, सदर बीळ व सदर कोल्हा.

एका जंगलात, बाळांनो, जो तो आपलं बीळ आपणच खणत असे. इतकं ते जंगल मागासलेलं होतं.

मग नारोपंत कोल्ह्याने वडाच्या खोडावर, हत्तीलाही मान वर करावी लागेल अशी पाटी लावली : 'तयार बीळ. आजच राहायला या. व्याज शून्य.' शून्याच्या डोक्यावर एक चांदणी होती. ती सगळ्यांना शोभेची वाटली.

केशर सशिणीचे दिवस भरत आले होते. खणायचं बळ नव्हतं. तिने विचारलं, "पंत, व्याज खरंच नाही ना?"

"ताई, तो शब्द आमच्या घरात कोणी उच्चारत नाही," पंत म्हणाले. यात खोटं काही नव्हतं.

दर पौर्णिमेला थोडे मुळे देऊन बिळाची किंमत फेडायची असं ठरलं, आणि केशरने पंजाचा ठसा दिला. नव्या बिळात पिल्लं झाली. पौर्णिमेला पंत हप्त्याचे मुळे न्यायला आले आणि ठरल्याच्या दुप्पट मागू लागले. वरचे मुळे कसले, तर काही बीळ दाखवल्याचे, काही मुळे मोजल्याचे, आणि बाकीचे उशिराचा दंड म्हणून. हप्ता आदल्या रात्रीच द्यायचा होता. पुढच्या वेळी चुकली तर पिल्लांसकट बाहेर.

"हे कुठं लिहिलंय?" केशरने विचारलं.

पंतांनी तिला वडाच्या मुळाशी नेलं आणि शेवाळ बाजूला केलं. तिथे तशीच दुसरी चांदणी होती. तिच्यापुढे सगळ्या अटी होत्या, मुंग्यांकडून मुंग्यांच्याच अक्षरात लिहून घेतलेल्या.

केशर सिंहाच्या दरबारात गेली. अटी लिहिलेल्या असाव्यात, एवढंच कायद्यात होतं. कोणाला वाचता याव्यात, ते नव्हतं. पंतांनी मुंग्या साक्षीला आणल्या. अक्षरं चांगली ठळक आहेत, असं त्यांनी शपथेवर सांगितलं.

"महाराज, आजवर एकाही मुंगीची तक्रार आलेली नाही," पंत म्हणाले.

मुंग्या कधी कोणाचं बीळ हप्त्याने घेतात का, हे विचारायचं दरबारात कोणाला सुचलं नाही.

तरी महाराज न्यायी होते. गिऱ्हाइकांची दिशाभूल होऊ नये म्हणून पाटीवरची चांदणी मोठी करावी, असा त्यांनी हुकूम दिला. पंतांनी ती दुसऱ्याच दिवशी मोठी केली, वर सोनेरी रंगही दिला. ती इतकी देखणी झाली की वडाखाली रांग लागली.

पुढची पौर्णिमा आली. केशर पिल्लं घेऊन करवंदीच्या जाळीत राहायला गेली. बिळात आता एक साळिंदर राहतो. त्यालाही चांदणी फार आवडली होती.

केशरने फेरविचारासाठी अर्ज केला. अर्जाला शुल्क म्हणून मुळे जोडायचे होते. तिच्याकडे नव्हते. पंतांनी लगेच देऊ केले, व्याज शून्य.

तात्पर्य : कोल्हा खोटं बोलला नाही, सिंहाने अन्याय केला नाही आणि मुंग्यांनी खोटी साक्ष दिली नाही. चूक सशिणीची. तिने मुंगीएवढं लहान व्हायला हवं होतं.

केशरचा अर्ज शुल्काअभावी प्रलंबित आहे.