यवतमाळची कोळीण

दिल्लीतल्या आर. के. पुरमच्या सरकारी वसाहतीत प्रजासत्ताक दिनाला ‘भारत-दर्शन’ ठरलं, आणि सेक्रेटरी भल्लांनी सुमित्राबाईंच्या दारात एक टोपली आणून ठेवली. टोपलीत प्लॅस्टिकचे मासे होते. प्रत्येक राज्याची एक बाई मंचावर येणार आणि बाहेरून बोलावलेले परीक्षक नुसत्या वेशावरून राज्य ओळखणार, असा बेत होता.

सुमित्राबाई यवतमाळच्या. लग्न होईपर्यंत त्यांनी समुद्र पाहिला नव्हता, आणि मासळीच्या वासानं त्यांना आजही मळमळायचं. दिल्लीत भूकंपाच्या नोंदी ठेवणाऱ्या कार्यालयात त्या चांगल्या अधिकारी होत्या. सिनेमातली मराठी बाई एक तर मासे विकते, नाहीतर कुणाची तरी भांडी घासते, हे त्यांचं जुनं दुखणं. टोपली त्यांनी परत पाठवली.

त्यांची बारा वर्षांची लेक लतिका मात्र हिरमुसली. दिल्लीत वाढलेल्या या पोरीनं महाराष्ट्र पाहिला तो बहुतेक पडद्यावरच.

“मम्मी, फिल्म्समध्ये सगळे मराठी लोक असेच असतात. आपण खरे मराठी आहोत ना?”

हे सुमित्राबाईंच्या वर्मी लागलं. सिनेमावाल्यांचं एक वेळ सोडा, पण पोटच्या पोरीला आई नकली वाटावी? त्यांनी भल्लांना कळवलं, मी येणार, पण आहे तशी येणार.

भल्ला धास्तावले. महाराष्ट्र ओळखूच आला नाही तर वसाहतीची नाचक्की. त्यांनी गुपचूप टोपली शेजारच्या सेठीबाईंच्या डोक्यावर दिली.

झालं! सेठीबाई कंबर लचकवत आल्या आणि परीक्षकांनी क्षणात महाराष्ट्र ओळखला. मागून सुमित्राबाई आल्या. सुती साडी, जाड चष्मा, काखेत ऑफिसची फाइल. परीक्षक खुलले.

“बंगाल! फर्स्ट प्राइज!”

बंगालच्या घोषबाई नेमक्या कोलकात्याला गेलेल्या, त्यामुळे हरकत घ्यायलाही कुणी नव्हतं. सुमित्राबाईंनी घाबरतच लेकीच्या खुर्चीकडे पाहिलं. खुर्ची रिकामी होती. आपल्या आईला कुणी भलतीच ठरवावं हे लतिकाला खपलं नव्हतं. तिनं मंचावर चढून भल्लांच्या हातातला माइकच घेतला.

“ये मेरी मम्मी हैं. यवतमाळ की, पक्की मराठी. भूकंप नापती हैं.”

सुमित्राबाईंचा ऊर भरून आला. बिचारे परीक्षक यादी चाळत राहिले.

“तो बेटा, ये बंगालवाला इनाम?”

“रहने दीजिए, अंकल,” लतिका म्हणाली. “मम्मी वहाँ से भी फर्स्ट आई हैं.”