आठल्येकाकांचं न आलेलं मशीन

आठल्येकाकांच्या हातात बंद वस्तू कधीही देऊ नये. ते ती उघडत नाहीत. आधी तळहातावर तोलतात, मग कानाशी नेऊन हलवतात, मग डोळे मिटून आत काय आहे ते सांगतात. कोलकात्यातल्या बालीगंजच्या या बिल्डिंगमध्ये मी राहायला आले त्या आठवड्यात शेजारधर्म म्हणून त्यांच्याकडे संदेश या बंगाली मिठाईचा खोका घेऊन गेले होते. बाईमाणूस दारात उभी आहे, हातात मिठाई आहे, तर 'ये, बस' म्हणावं की नाही? या गृहस्थांनी खोका घेतला, तोलला, हलवला आणि म्हणाले, "बारा सांगून अकरा दिलेत. एक फुटलाय." उघडून पाहिलं तर अकराच होते आणि एकाचा भुगा झाला होता. खरं तर मला दुकानदाराचा राग यायला हवा होता. आला तो काकांचा, आणि तीन वर्षं झाली तरी तो उतरलेला नाही.

सदाशिव आठल्ये, वय एकाहत्तर, चौथा मजला. खिदिरपूरच्या गोदीत कस्टमचे अप्रेझर होते. म्हणजे बोटीने आलेल्या पेट्या तपासायच्या, कागदावर लिहिलेला माल आणि पेटीतला माल एकच आहे का ते बघायचं, आणि तो एक नाहीच असं धरून सुरुवात करायची. तेविसाव्या वर्षी नोकरीसाठी रत्नागिरीहून आले ते इथलेच झाले. काकू सहा वर्षांपूर्वी गेल्या. एकुलती एक मुलगी, मीनल, बंगळुरूला असते. मी नाशिकहून बदलीवर आलेली बँकेतली बाई, एकटी, तिसरा मजला. अख्ख्या बिल्डिंगमध्ये मराठी बोलणारी आम्ही दोघंच, त्यामुळे माझी सुटका नाही.

निवृत्त माणसं कुंड्यांत गुलाब लावतात, नाहीतर गुडघ्यांवर बोलतात. काकांनी धरलं ते एक व्हिडिओ गेम खेळायचं मशीन. तेही अजून बाजारात न आलेलं. हातात धरून खेळा नाहीतर टीव्हीला जोडून खेळा, असलं दुहेरी. बनवणारी कंपनी काही सांगायला तयार नाही, त्यामुळे आत कुठली चिप आहे, रॅम किती, बॅटरी केवढी, पंखा आहे की नाही, यावर जगभरची माणसं इंटरनेटवर एकमेकांचे गळे धरतात. त्यात आमचे काका. या माणसाने आयुष्यात पत्तेसुद्धा खेळलेले नाहीत. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी म्हणतात ना, तो भट आमच्या डोक्यावर चौथ्या मजल्यावर राहतो. भटीण आता नाही, म्हणून मार मला.

हे खूळ शिरलं मीनलमुळे. दोन वर्षांपूर्वी ती फोनवर म्हणाली की आमच्या कंपनीकडे या मशीनचं थोडं काम येतंय, पण गुप्त आहे, सांगता येत नाही. 'सांगता येत नाही' हे ऐकून ज्याने तीस-पस्तीस वर्षं पगार घेतला, त्या माणसाला दुसरं काय हवं होतं?

मग कोणीतरी कुठल्याशा बंदरातले सुट्या भागांच्या मालाचे कागद इंटरनेटवर टाकले. कार्टन किती, नग किती, वजन किती. पोरं त्यावरून काहीबाही अंदाज बांधायला लागली आणि काकांच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. सकाळी सहाला माझी बेल. मी दात घासत दार उघडलं तर हे लॅपटॉप घेऊन उभे. या गाढवांना भरलेल्या पेटीचं वजन आणि नुसत्या मालाचं वजन यातला फरक कळत नाही, म्हणाले, कार्टनचा पुठ्ठा कोणी वजा करायचा, यांच्या बापाने? मी तोंडात फेस घेऊन उभी. "कागद काय म्हणतो ते ऐकायचं नसतं, स्नेहा," ते म्हणाले. "पेटी काय म्हणते ते ऐकायचं." आणि जाताना माझ्या स्वयंपाकघरातला वजनकाटा घेऊन गेले. तो आजतागायत परत आलेला नाही. कणीक मी अंदाजाने घेते.

काट्यावर त्यांनी काय केलं? पुठ्ठ्याचं मशीन केलं. कार्टनच्या वजनातून पुठ्ठा वजा, थर्माकोल वजा, पडदा आणि प्लास्टिक वजा, उरेल ती बॅटरी आणि चिप, असा हिशोब मांडून त्या वजनाच्या वस्तू आत भरल्या. बॅटरीच्या जागी माझी पॉवर बँक. चिपच्या जागी चंदनाच्या साबणाची अर्धी वडी. पंखा आहे की नाही हे नक्की नव्हतं, म्हणून तिथे एक सुपारी, काढता-घालता येण्याजोगी. मग रविवारी सकाळी मला खुर्चीत बसवून ते धूड दोन्ही हातांत धरायला लावलं आणि स्वतः घड्याळ घेऊन समोर बसले. मनगट कधी दुखतंय ते सांग, म्हणाले. मी म्हटलं, आत्ताच दुखतंय. तर म्हणे खोटं बोलू नकोस, अजून दोन मिनिटं नाही झाली. त्यांच्या कामाला येणारी मालतीदी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून पदराने तोंड झाकून हसत होती.

इंटरनेटवर पोरं त्यांना 'आजोबा, झोपा आता' असं लिहायची. काका सगळ्यांना उत्तर द्यायचे. मुद्देसूद, एक-दोन-तीन आकडे घालून, शेवटी 'आपला नम्र'. त्या नम्रपणाने अंगाचा तिळपापड व्हावा असे ते मुद्दे असत. मला वाचून दाखवायचे आणि 'कडक झालंय ना?' असं विचारायचे.

एक गोष्ट मात्र मी रागारागातही पाहिली होती. मीनलचा फोन दर रविवारी अकराला येतो. पूर्वी तो दोन मिनिटांत संपायचा. जेवलात का, गोळ्या घेतल्या का, पाऊस आहे का, ठेवते. मालतीदी सांगते, काकू होत्या तेव्हा फोन काकू घ्यायच्या आणि हे मागून 'बरी आहे ना विचार' एवढं म्हणायचे. मशीन आल्यापासून, म्हणजे न आल्यापासून, तोच फोन पाऊण तास चालायला लागला. हे आपले आकडे सांगताहेत, ती 'बाबा, सांगता येत नाही' म्हणतेय, की हे चिडून पुढचा आकडा. शनिवारपासून वहीत प्रश्न लिहून ठेवायचे. रविवारी अकराला तेवढ्यासाठी दाढी करायचे, आणि तो व्हिडिओ कॉल नसायचा.

गेल्या महिन्यात मात्र हद्द झाली. बिल्डिंगची लिफ्ट सात आठवडे बंद होती. महत्प्रयासाने मीटिंग ठरली, सगळे जमले, दुरुस्तीवर सह्या होणार, इतक्यात दुसऱ्या मजल्यावरच्या सेनगुप्तबाबूंनी काकांना काहीतरी गोड बोलावं म्हणून सांगितलं की तुमचं ते मशीन पुढच्या महिन्यात येतंय, आत काय आहे तेही कंपनीने जाहीर केलंय, पेपरात आलंय. सेनगुप्तबाबू वनस्पतिशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. मुंगीला वाट देणारा माणूस. काका खुर्ची मागे ढकलून उठले आणि बंगालीत सुटले. पेपर खोटा, कंपनी खोटी, दोन वर्षं तरी ते मशीन येत नाही, आणि ज्याला त्यातलं कळत नाही त्याने तोंड उघडू नये. सेनगुप्तबाबू छत्री घेऊन निघून गेले. त्यांच्यामागे सेक्रेटरी गेले. सह्या राहिल्या.

मी गरियाहाटच्या बाजारातून आणलेली भाजीची पिशवी घेऊन तीन जिने चढले. प्रत्येक पायरीला काकांचा उद्धार केला. घरी पोचल्यावर बसलेसुद्धा नाही. मीनलला फोन लावला. म्हटलं, बाई गं, कंपनीची गुप्तता खड्ड्यात गेली. तुझ्या वडिलांना एकदा सांगून टाक त्या डबड्यात काय आहे ते. आम्हाला इथे राहायचंय.

मीनल जन्मापासून कोलकात्याची, मराठी घरापुरतं, तेही अडखळत. ती म्हणाली, "ताई, मी त्या मशीनचं काम करत नाही. कधी केलंच नाही."

तिची कंपनी वॉशिंग मशीनचे बोर्ड बनवते. गेममशीनचं काम येणार अशी नुसती बोलवा होती, आलंच नाही. पण ज्या रविवारी तिने बाबांना ते सहज सांगितलं, त्या रविवारी बाबा तिच्याशी चाळीस मिनिटं बोलले. पुढच्या रविवारी त्यांनी आपण होऊन विचारलं, मग काय झालं? एवढ्या वर्षांत त्यांनी मला काही विचारलं ते तेव्हाच पहिल्यांदा, म्हणाली. मग काम आलं नाही हे सांगायला जीभ रेटली नाही.

माझा संताप आणखी वाढला. दोन वर्षं म्हाताऱ्या बापाला झुलवतेस, लाज नाही वाटत, असं मी तिला स्पष्ट विचारलं. ती रडायला लागली. तुम्हीच सांगा त्यांना, मला नाही जमणार, म्हणाली आणि फोन ठेवला. असली कामं बरोबर माझ्या गळ्यात येतात.

चौथ्या मजल्यावर गेले. काका टेबलाशी बसले होते. पुठ्ठ्याचं मशीन समोर उघडं पडलं होतं, साबण एकीकडे, सुपारी एकीकडे. शेजारी सेनगुप्तबाबूंनी सांगितलेला पेपर, चक्क विकत आणलेला. मी उभ्यानेच सुरुवात केली, की काका, तुम्हाला एक सांगायचंय, मीनल...

"त्या मशीनवर काम करत नाही," ते म्हणाले. "माहीत आहे."

मी खुर्चीत बसले.

"दुसऱ्याच महिन्यात कळलं. मी विचारलं, पंखे दोन आहेत का. म्हणाली, बाबा, सांगता येत नाही. मी विचारलं, तीन आहेत का. सांगता येत नाही. मग विचारलं, पेट्रोलवर चालतं का. त्यावरही म्हणाली, बाबा, सांगता येत नाही. तिचं लक्षच नव्हतं गं. ती नुसती ऐकत बसायची."

मी म्हटलं, मग हे सगळं कशासाठी? माझा काटा, माझी पॉवर बँक, सकाळी सहाची बेल, ती मीटिंग? माहीत होतं तर हा तमाशा कशाला?

काका माझ्यावरच ओरडले. मग रविवारी बोलायचं काय, म्हणाले, तू सांग. तिची आई बोलायची. भाजी काय केलीस, केस का कापलेस, काहीही बोलायची, तासभर. मला ते येत नाही. पेटीत काय आहे एवढंच मला विचारता येतं. आणि आता पुढच्या महिन्यात ते मशीन दुकानात येणार, कोणीही उठून स्क्रू काढणार. मग अकरा वाजता मी काय विचारू, पाऊस आहे का? बोलता बोलता त्यांनी तो पेपर चुरगाळून खाली टाकला. माझाही आवाज चढला. मी म्हटलं, मग तिला सरळ विचारायचं होतं, बाई, तू खरं काय करतेस? दोन वर्षांत एवढं विचारता आलं नाही?

ते साबणाची वडी बोटांनी फिरवायला लागले.

"मला वाटलं तिची नोकरी गेलीय," ते म्हणाले. "आणि मला सांगायची लाज वाटतेय तिला. विचारलं असतं तर फोनच बंद केला असता तिने."

मी त्यांना वॉशिंग मशीनचं सांगितलं. चांगली नोकरी आहे, पगार आहे, धडधाकट आहे. त्यांनी दोनदा विचारलं, नक्की? मी दोनदा नक्की म्हटलं. त्यांनी चष्मा काढला, शर्टाला पुसला आणि पुन्हा लावला, आणि पुन्हा काढला. मग मला राहवलं नाही. टेबलावरचा त्यांचा फोन घेतला, मीनलचा नंबर लावला आणि त्यांच्या हातात कोंबला. ते माझ्याकडे असे बघत होते की पूर्वीचे दिवस असते तर मला गोदीत कोंडून ठेवलं असतं.

"बाबा?" मीनलचा आवाज आला. "आज गुरुवार आहे. काय झालं? बरे आहात ना?"

काकांनी वही पुढे ओढली, पण त्यात तर सगळे पंख्याचेच प्रश्न. त्यांनी ती मिटली, घसा खाकरला आणि चिडलेल्या आवाजात विचारलं, "वॉशिंग मशीनमध्ये तो बोर्ड नेमका कुठे बसतो?"

मग मीनल सांगायला लागली. आधी अडखळत, मग भराभर, बोर्ड कुठे बसतो, पाणी लागू नये म्हणून काय करतात, तिने स्वतः त्यात काय सुधारलं, तिचा साहेब त्यावर काय म्हणाला. काका फोन दोन्ही हातांनी कानाशी धरून बसले होते, आणि मधे एकदाही बोलले नाहीत.