विनापाचारण प्रवेश बंद

संगणक सुरू केला की त्याच्या डिस्कचे तीन भाग, कुणी बोलावलेलं नसताना, पडद्याच्या कडेला येऊन उभे राहतात. ही बाब मी बरीच वर्षं सहन केली. अखेर तिची गंभीर दखल घेण्यात आली. घेणारा अर्थात मीच. निवृत्तीनंतर माझ्या अखत्यारीत एवढंच टेबल उरलं आहे.

संगणकात विंडोजऐवजी लिनक्स घालून दिलं ते भाचीने. तिला फोन लावला.

"मामा, उभे राहिले तर राहू दे ना. ते काय तुझं खातात?"

"प्रश्न शिस्तीचा आहे. साहेबासमोर कुणीही उठून यायचं?"

"साहेब कोण?"

या मुद्द्यावर भाष्य करण्याचं मी टाळलं.

तिने नाइलाजाने सांगितलं. सुरू होताना कुठल्या भागांना आत घ्यायचं, याची संगणकात एक यादी असते. नको त्या भागाच्या ओळीत 'नोऑटो' लिहायचं; मग तो बोलावल्याशिवाय येत नाही. "पण कशात काय आहे ते आधी बघ हं!"

बघायचं काय? मी निकष ठरवला: ज्याला मी बोलावलं नाही, तो आगंतुक. पहिल्या भागात जुनं, मोडकं विंडोज होतं. बाहेर. दुसऱ्यात बायकोचे फोटो. बाहेर. तिसऱ्याला नावच नव्हतं, नुसता लांबलचक आकडा. त्याची बाजू कोण मांडणार? बाहेर.

"माझे फोटोसुद्धा?" बायको मागेच उभी होती.

"गरज पडल्यास रीतसर विनंती करावी. विचार होईल."

"बरं," ती म्हणाली. ती नुसतं 'बरं' म्हणाली की नोटीस बजावली असं समजायचं असतं. पण मी कारभारात गढलेलो.

संगणक पुन्हा सुरू केला. पडदा कसा लख्ख! त्या आनंदात चष्मा कुठेतरी काढून ठेवला आणि दुपारची झोप घेतली. उठून 'लेखन' हे फोल्डर उघडलं. संध्याकाळी संपादकांना लेख द्यायचा होता. विषय, लोकांना दाराबाहेर ताटकळत ठेवणारे अधिकारी. फोल्डर रिकामं होतं. हा लेख नाही, आधीचे नाहीत, जन्मभर लिहिलेलं एक अक्षर नाही. रिकामेपण बिनचष्म्यानेही दिसतं.

भाचीला पुन्हा फोन केला, तेव्हा माझा आवाज अर्जदाराचा झाला होता.

"काही पुसलं गेलेलं नाही, मामा. तुझं सगळं लेखन त्या बिननावाच्या भागात आहे. फोल्डर म्हणजे नुसतं दार. तो भाग इतकी वर्षं आपणहून आत येत होता, म्हणून तुला पत्ता नव्हता."

"मग आता?"

"त्या ओळीतलं 'नोऑटो' काढ. पण जपून. भलतंच काही खोडलंस तर संगणक धड सुरूही व्हायचा नाही."

मी चष्म्यासाठी कीबोर्डावर हात फिरवला. चष्मा नव्हता. मी तो न्हाणीघरात विसरतो, फ्रिजवर विसरतो, एकदा तर कुंडीत विसरलो होतो. पण कामाला बसलो की तो कीबोर्डावर असतोच. चष्म्याची ती जागाच आहे, अशी माझी प्रामाणिक समजूत होती.

"अगं, माझा चष्मा?"

"बोलावलात का त्याला?" स्वयंपाकघरातून उत्तर आलं. "गरज पडल्यास रीतसर विनंती करावी. विचार होईल."

मी तोंडी विनंती केली. लेखी हवी, असं कळलं. चष्म्यावाचून कशीबशी लेखी दिली. 'अक्षर लागत नाही' असा शेरा मारून ती परत आली.

अधिकाऱ्यांवरचा लेख त्यामुळे गेला नाही. तो अजून दाराबाहेरच बसला आहे. त्याऐवजी हा मजकूर मी तोंडी सांगतो आहे आणि बायको टाइप करते आहे. तिची वाक्यं तिने जरा जास्तच मनापासून टाइप केली.

तुम्ही हसताय, हसा. पण हे वाचायला जो चष्मा नाकावर चढवलात, तो काल रात्री कुठे टाकला होतात आणि आज कुठे सापडला, एवढं आठवून बघा. चौकशी मनातल्या मनातच करा. मोठ्याने केलीत, तर अर्ज लागेल.