बोळवणीला वन्समोअर

१९६३ सालच्या उन्हाळ्यात लोणावळ्याला शास्त्रीय संगीताची तीव्र गरज असल्याचे एका ठरावाने सिद्ध झाले. त्यापूर्वी गावाला ही उणीव जाणवली नव्हती. परंतु ठरावावर तेवीस सह्या असल्याने ती जाणवून घेणे भाग पडले. मे महिन्यात मुंबई-पुण्याची मंडळी हवा खायला येतात, त्यांच्या कानांचीही काही सोय असावी, हा मूळ विचार. जागा महिपतरावांनी दिली. डोंगराच्या पायथ्याशी त्यांची भाताची खाचरे आहेत, ती मृग लागेपर्यंत मोकळीच असतात. वरच्या खाचरात मंच, खालच्यात खुर्च्या आणि बांधांवर विद्यार्थी, अशी तीन दिवसांच्या महोत्सवाची व्यवस्था ठरली. जागा दिल्यामुळे महिपतराव अध्यक्ष झाले. संगीतातले त्यांना काही कळत नसल्याने निर्णय झटपट होत.

मी शाळामास्तर. चाळीस पोरे गप्प बसवण्याचा अनुभव लक्षात घेऊन शांतता उपसमिती माझ्याकडे सोपवण्यात आली. मीही हात आखडता घेतला नाही. महोत्सवाचे तीन दिवस मैलभरात कोणताही 'अनधिकृत ध्वनी' होऊ नये, असा नियम केला. बैलांच्या गळ्यातल्या घंटा उतरवल्या. कोंबडे डालग्याखाली गेले. खाचरांत पालापाचोळा जाळून राब भाजायलाही बंदी घातली, कारण धुराने शेतकरी खोकतो आणि खोकला हा ध्वनी आहे. रेल्वेला लिहिले की, घाटात गाड्यांनी तीन दिवस शिट्टी देऊ नये. शिट्टी द्यावीच लागेल, असे उत्तर आले. तेव्हा समितीने तातडीची बैठक घेऊन गाडीच्या शिट्टीला अधिकृत ध्वनीचा दर्जा दिला. जो ऐकणार नाही त्याला मान्यता देऊन टाकायची, ही पद्धत आम्हांला पुढेही फार उपयोगी पडली.

आठ दिवस आधी वरच्या वाडीवरचा शिदू माझ्या दारात येऊन उभा राहिला.

"मास्तर, माझ्या लेकीचं, हिरीचं लगीन हाय. तुमच्या गान्याच्या दुसऱ्या दिशी."

"वा! आनंद आहे. शांततेत पार पाड."

"शांततेत कसं व्हईल? ढोल नगं व्हय?"

ढोल शिदूच वाजवायचा. त्यांच्या वाडीची रीत अशी, की नवरी बापाच्या ढोलावर उंबरा ओलांडते आणि तो ढोल सासरच्या वेशीपर्यंत तिच्यापुढे चालतो. ढोल नाही तर बोळवण नाही, आणि बोळवण नाही तर लग्न झाले असे कोणी मानत नाही.

"तारीख पुढे ढकल," मी म्हणालो.

"फुडं मिरीग. समदी रानात गुततील. मंग दिवाळीपातूर लगीन न्हाई. आन नवऱ्याकडली मान्सं थांबायची न्हाईत, त्यांनी साफ सांगितलंय."

"मग जरा हलक्या हाताने वाजव."

"हलक्या हातानं मयताला वाजिवत्यात, मास्तर."

यावर नियमावलीत काही तरतूद नव्हती, म्हणून मी त्याला अध्यक्षांकडे नेले. महिपतरावांनी पान जमवता जमवता विचारले, "मास्तर, नियम काय म्हणतो?"

"मंचावरचा तेवढा ध्वनी अधिकृत."

"मग लगीन मंचावर लावा की! लोककला म्हणून. खाँसाहेबांच्या आधी वीस मिनिटं देऊ."

बाहेर आल्यावर शिदूने मला हळूच विचारले, "तितं लागलेलं लगीन खरं धरत्यात ना?"

"समितीच्या दप्तरात तशी नोंद होईल."

"आन तितनं सासरपातूर ढोल न्यायचा त्याचं?"

"कार्यक्रम श्रोत्यांना आवडला, की अध्यक्ष लेखी परवाना देतील."

शिदूने मान हलवली. त्याला काय कळले ते मला कळले नाही, पण त्याचा नाइलाज मात्र मला अगदी स्वच्छ दिसला.

कार्यक्रम निवडण्यापूर्वी चाचणी घेणे आवश्यक असल्याने निवड समिती वाडीवर गेली. पुण्याचे एक लोककला-तज्ज्ञ मुद्दाम बोलावले होते. नवरदेव सावळा याने खंडाळ्याच्या हॉटेलात कामाला असलेल्या दोस्ताचा टेरिलिनचा शर्ट उसना आणला होता. तज्ज्ञांनी तो कलाबाह्य ठरवला.

"तुम्ही नेहमी घालता तेच घाला," ते म्हणाले.

"लग्नाला न्हेमीचं कोन घालतं?" सावळाने विचारले.

त्याच्यासाठी नाटकमंडळीकडून घोंगडी मागवण्यात आली. नंतर हिरीच्या आईला, सावित्राबाईला, बोळवणीचे रडणे एकदा करून दाखवण्यास सांगितले. ती गोंधळून हिरीकडे बघत राहिली.

"आत्ता कशी रडू? पोर हितंच हाय की."

तज्ज्ञांनी वहीत लिहिले : 'मुख्य कलावतीची तयारी कच्ची.'

महोत्सवाच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता लग्न सुरू झाले. हळद, अक्षता, मुंडावळ्या, सगळे चौदा मिनिटांत उरकले. श्रोते मंद हसत होते. काही बायका आपसांत नवरीच्या लुगड्याच्या रंगाविषयी बोलत होत्या. मग शिदूने ढोलावर थाप दिली. उंबरा म्हणून मंचाच्या कडेला एक फळी ठेवली होती. हिरी फळीपाशी आली, वळली, आणि सावित्राबाईला समोरची सातशे माणसे दिसेनाशी झाली. तिने पोरीला पोटाशी धरले आणि गाण्यातच रडायला लागली. किती राखले, किती जोजवले, आता पाणी कोण भरील, असे काहीतरी साधेच शब्द होते. खाचरात कोणी हलेना. मीही हललो नाही. माझी स्वतःची मुलगी दोन वर्षांपूर्वी सासरी गेली होती, आणि तेव्हा मी पाहुण्यांच्या चपला मोजत होतो.

हिरी सावळाच्या मागून फळी ओलांडून बांधावरून निघून गेली; ढोलाच्या परवान्यासाठी शिदू मात्र मंचापाशीच अडकला होता. टाळ्यांचा कडकडाट झाला. त्यातून एक आवाज आला, "वन्समोअर!" पाठोपाठ सगळे खाचर ओरडू लागले.

अध्यक्षांनी मला खूण केली. मी शिदूकडे गेलो.

"निघालेली नवरी माघारी फिरवत न्हाईत, मास्तर," तो म्हणाला. "पाप लागतं."

"श्रोत्यांचा आग्रह आहे. आणि परवान्यावर अजून सही व्हायची आहे."

हे वाक्य मी म्हणालो. दुसऱ्या कोणी नाही. दोन स्वयंसेवक धावत जाऊन हिरीला आणि सावळाला अर्ध्या बांधावरून परत घेऊन आले.

सावित्राबाईला यातले कोणी काही सांगितले नव्हते. त्यांच्यात वाटेवरून परत येते ती नवऱ्याकडच्यांनी टाकलेली पोर. हिरीला फळीवर उभी पाहून तिने जो टाहो फोडला, तो मला आजही लिहिता येत नाही. ना त्यात गाणे होते, ना शब्द. ती सावळाच्या पायांवर जाऊन पडली आणि माझ्या लेकीचं काय चुकलं, म्हणून विचारू लागली. सावळा घोंगडीत उभा राहून कसाबसा म्हणत होता, "काय न्हाई मामी, काय न्हाई, लोकांनी बोलावलं."

दुसऱ्यांदा अधिक रंगले, यावर श्रोत्यांचे एकमत झाले. तिसऱ्यांदाही मागणी आली. तेव्हा शिदूने ढोल गळ्यात नीट अडकवला, लेकीला मागे घेतले आणि परवान्यासाठी न थांबता वाजवत बांध उतरला. सावित्राबाई मागून डोळे पुशीत चालली. खाँसाहेब तानपुरे जुळवून बसले होते. ढोल पार खिंडीच्या पलीकडे जाईपर्यंत त्यांना सूर लावता आला नाही. अनधिकृत ध्वनीची नोंद मी नियमाप्रमाणे केली. ती करताना मला माझीच लाज वाटत होती, पण लाजेसाठी वहीत रकाना नव्हता.

ही हकीगत मी पुढे पुष्कळ ठिकाणी सांगितली. ऐकणारी माणसे तुमच्यासारखीच सज्जन असतात. समितीवर चिडतात, तज्ज्ञांना हसतात, सातशे श्रोत्यांना निर्दय म्हणतात आणि रुमालाने डोळे टिपतात. मग थोडे पुढे सरकून म्हणतात, "मास्तर, ते ती आई नवऱ्याच्या पायांवर पडते ना, तेवढं पुन्हा एकदा सांगा."

आणि मी सांगतो.