तात्यांचा दुसरा आवाज

परबतात्या कुणाला "कसे आहात?" विचारत नाहीत. "वाकडानाकडा काय ता सांग," म्हणजे काय बिनसलंय, असं विचारतात. जिन्यात भेटा, पाण्याच्या टाकीशी भेटा, अगदी मयताला निघालेले असा, पहिला प्रश्न हाच.

आमच्या परळच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावरची शेवटची खोली त्यांची, त्याच्या अलीकडची आमची, सावंतांची. गिरणी केव्हाच सुटली, बायको गेली, मूलबाळ नाही. मग माणसाने गुपचूप टीव्ही बघावा की नाही? छे! तात्या लोकांची दुखणी गोळा करणार. तीही पुऱ्या नावानिशी. "गुडघो डावो की उजवो? जावयाचा पुरा नाव काय?" आणि सगळं कॅलेंडरच्या जुन्या पानांमागे लिहून ठेवणार.

मला आधी वाटलं, हा बिल्डरचा माणूस. चाळ पाडायचं घाटतंय, तेव्हा कोण किती दिवसांचा सोबती याची माहिती काढत असणार. मी ह्यांना तसं म्हटलंसुद्धा. हे पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "सुमन, बिल्डर तुझा गुडघा घेऊन काय करणार?" आमच्या घरात माझं बोलणं कधी कुणी मनावर घेतलंय?

मग पल्लू आली. पल्लवी, माझी एकुलती एक. तिसरी खेप. आधीची दोन्ही हाती लागली नव्हती. सातवा चालू होता आणि डॉक्टरांनी झोपूनच राहायला सांगितलेलं. डोहाळजेवण नाही, बोलबाला नाही, कुणाला काही सांगायचंच नाही, असं आम्ही ठरवलं. तिची कॉट दाराशी वाऱ्याला लावली आणि दाराला जाड पडदा. तिसऱ्या दिवशी मी बाळाच्या दुपट्यांसाठी एक मऊ जुनं लुगडं धुऊन गॅलरीत वाळत घातलं, तर तात्या हजर.

"जुना लुगडा धुतलंस गो? कितवो म्हयनो पल्लूक?"

माझ्या हातातला चिमटा थेट खाली अंगणात.

"मळलं होतं म्हणून धुतलं," मी म्हटलं.

"बरा, बरा," म्हणाले आणि खिशातून कॅलेंडरचं पान काढलं.

तेव्हापासून माझी झोप उडाली. पहाटे साडेपाचला गॅलरीत पुटपुट चालायची. एरवी मी लक्ष दिलं नसतं, पण आता कान लावला, तर आवाज दोन! एक तात्यांचा, दुसरा जाडाभरडा, घोगरा. पडद्याच्या फटीतून पाहिलं, तर तात्या एकटेच. डोक्यावर टोपी, हात जोडलेले, तोंड समोरच्या टॉवरकडे. "सावंतांच्या पल्लूचा..." एवढं ऐकू आलं आणि नेमका पाण्याचा पंप सुरू झाला. त्या घरघरीतून मग एकच ऐकलं, "वाटोळा कर रे म्हाराजा!" आणि लगेच तो दुसरा आवाज, "व्हय म्हाराजा!"

मी मालवणातली. गाऱ्हाणं म्हणजे काय, हे मला कुणी सांगायला नको. एकाने देवापुढे मागायचं आणि जमलेल्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणून साथ द्यायची. भलं मागता येतं, तसं कुणाचं वाईटही. माझ्या पोरीवर उलटं गाऱ्हाणं? अंगाची नुसती लाही झाली. थांब म्हाताऱ्या, म्हटलं, उद्या तुझी टोपीच उडवते.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी आधी खाली जाऊन पंपाचं बटण बंद केलं. चाळीला पाणी उशिरा आलं तर येऊ दे. मग पदर खोचून पडद्यामागे उभी राहिले. तात्यांनी कॅलेंडरचं पान काढलं, टोपी नीट केली.

"बा देवा म्हाराजा! गावच्या देवळात गाऱ्हाणा घालूचो मान भावकीन माझ्याकडसून काढून घेतलो, म्हणान हयसून घालतंय. मधी टॉवर इलो हा, तरी आयक. सावंतांच्या पल्लूचा बाळंतपण ह्या खेपेक सुखरूप पार पाड. जो कोण तिचा वायट चिंतीत असात, त्येचा वाटोळा कर रे म्हाराजा!"

मग घसा खाकरला, मान खाली घातली आणि घोगऱ्या आवाजात आपणच म्हणाले, "व्हय म्हाराजा!"

टोपीखाली डोकं खाजवलं.

"नको, वाटोळा नको. त्येका वायच बुद्धी दी. आणि सुमन रात रात जागी असता, माझ्यार डोळो ठेवन. तिका झोप लागांदे रे म्हाराजा!"

पुन्हा घसा खाकरला. गावच्या देवळात या जागी शंभर माणसं ओरडतात. इथे हा म्हातारा आवाज बदलून स्वतःलाच साथ देत होता. मला माझीच अशी लाज वाटली, की काय सांगू! पडदा सारून मी बाहेर आले आणि त्यांच्याआधी म्हणाले, "व्हय म्हाराजा!"

तात्या केवढ्याने दचकले. वळून माझ्याकडे बघत राहिले. मग घाईघाईने टोपी सारखी केली.

"थांब गो, पल्लूचा परत घालतंय. मगाचा एकट्याचा होता."

हात जोडून त्यांनी पहिल्यापासून सुरू केलं. "सावंतांच्या पल्लूचा बाळंतपण ह्या खेपेक सुखरूप पार पाड रे म्हाराजा!"

आता माझी पाळी होती, पण रडू असं दाटलं, की शब्दच फुटेना. तात्या थांबून राहिले.

आणि पडद्याआडून, कॉटवरून पल्लू म्हणाली, "व्हय म्हाराजा!"