पत्र्यावरचे घोडे

आमच्या गोडाऊनमध्ये रोज दुपारी जेवणाच्या सुट्टीआधी एक म्हातारा यायचा. कोणाला विचारणं नाही, पुसणं नाही. थेट मागच्या भिंतीपाशी जायचा, सदऱ्याच्या खिशातून लूमवरचा लाकडी धोटा काढायचा आणि भिंत बडवायला लागायचा. खटाक-खट, खटाक-खट. मग अचानक थांबायचा, धोटा खिशात घालायचा आणि घाम पुसत लगबगीने निघून जायचा.

पहिल्या दिवशी मी कंबरेवर हात ठेवून विचारलं, "अहो, या भिंतीने तुमचं काय घोडं मारलंय?"

"ड्युटी हाय, बाय," म्हातारा म्हणाला. "ड्युटी म्हंजे ड्युटी."

घ्या! पगार मी घेते आणि ड्युटी हे करतात.

आमचं गोडाऊन म्हणजे पूर्वीचा कापड विणणाऱ्या लूमचा कारखाना. मालकाने लूम भंगारात काढले आणि जागा आमच्या शेठला भाड्याने दिली. शेठ जुनी विलायती खेळांची चित्रं ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर छापून विकतात. घोड्यांच्या शर्यती, शिकारी, बॅट धरून उभे असलेले मिशाळ गोरे. ज्यांनी जन्मात घोडा पाहिला तो फक्त वरातीतला, त्यांच्या सोफ्यामागे आता रेसचं मैदान असतं. मी तिथली सुपरवायझर. पत्र्यावर ओरखडा आहे का, कोपरा दबलाय का ते बघायचं आणि पॅकिंगच्या पोरांवर ओरडायचं, हे माझं काम.

म्हाताऱ्याचं नाव बाळारामदादा. मूळचे जवळच्याच कोन गावचे. सगळी उमर याच कारखान्यात लूम दुरुस्त करण्यात गेली. पोरबाळ नाही. घर कारखान्याच्या पाठीला पाठ लावून, मधली भिंत एकच. कारखाना गेला, नोकरी गेली, पण दादांना ते कोणी सांगितलंच नाही की काय, अशी मला शंका यायची.

हळूहळू त्यांची सवय झाली. उलट यायला उशीर झाला तर पोरंच म्हणायची, "मॅडम, आज चाचा नहीं आया?" जाता जाता दादा आमची चित्रंही तपासायचे. शिकारीच्या चित्रात लाल कोटवाले साहेब घोड्यांवर बसलेले, पुढे कुत्र्यांची झुंड.

"यो कोनाचा बँड, बाय?"

"बँड नाही हो दादा! शिकारी आहेत. कोल्ह्याच्या मागे लागलेत."

"येवढी मानसां, येवढी कुत्री, आन् कोल्हा येकच?" दादा बराच वेळ बघत राहिले. "मंग कोल्ह्याचा लगीन म्हनतात तां ह्याच व्हय!"

मिशाळ बॅटवाल्याला ते रोज दम द्यायचे, "आउट हो रे बाबा, कवाचा उभा हायेस." शर्यतीच्या घोड्यांचे चारी पाय हवेत, त्यांना म्हणायचे, "अरे, येखादा तरी पाय टेकवा!" पोरं हसून लोळायची. मीही हसायचे, पण तोंड फिरवून. सुपरवायझरने हसलं की पोरं डोक्यावर बसतात.

एकदा कोपरा दबलेला घोड्यांचा पत्रा गिऱ्हाइकाकडून परत आला. दादांनी तो मागितला. मी म्हटलं, "हे दबलेलं कशाला? तेच चित्र कागदावर आहे, चांगलं, ते न्या." त्यांनी कागदावर बोट आपटलं, मग पत्र्यावर आपटलं.

"कागद मुका, बाय. पत्रा बोलतो."

पत्रा डोक्यावर घेऊन स्वारी निघाली. म्हातारचळ, दुसरं काय, असं मी मनात म्हटलं.

दिवाळीचा माल यायला लागला तसे शेठ म्हणाले, मागच्या भिंतीला रॅक लावायचे, त्या म्हाताऱ्याला आता आत घेऊ नका. वाईटपणा घ्यायला मी आहेच! संध्याकाळी दादांच्या घरी गेले.

एकच खोली. कारखान्याकडच्या भिंतीवर तो पत्रा घट्ट ठोकलेला, पण खाटेच्या उंचीवर. इतकं खाली चित्र कोणी लावतं का? खाटेवर काकू, दादांची बायको, पडलेल्या. अर्धं अंग गेलेलं. चालता हात तेवढा घोड्याच्या पोटावर पसरलेला.

"बोल खुशाल," दादा म्हणाले. "तिला ऐकू येत न्हाय. जन्मभर ह्या भिंतीशी बसून सुताच्या कांड्या भरल्या, लूमच्या आवाजानं कान गेलं."

माझी नजर पत्र्यावर गेलेली पाहून तेच सांगायला लागले.

"मंदीत लूम बंद पडला का घरान भात कमी. तवा ही म्हनायची, मना भूक न्हाय, तुमी खावा. आता सगला इसरली, माझा नाव पन इसरली, तेवरा न्हाय इसरली. भिंत हलली न्हाय का तिला वाटते लूम बंद, तोंड मिटून घेते. नुसत्या भिंतीवर बडवला तर तिच्या हाताला कलत न्हवता, म्हनून पत्रा. मी बडवतो, मंग थांबतो. तिला वाटते शिफ्ट सुटली. मी घरा येतो, मंग जेवते."

सांगायला आलेलं सगळं मी गिळलं. पाणी प्यायले आणि परत आले.

शेठना सांगितलं, भिंतीला ओल आहे, रॅक चिकटून लावला तर पत्र्यांना डाग पडतील. शेठना माणसाचा कळवळा येत नाही, मालाचा लगेच येतो. रॅक पुढे सरकले. मागे माणूस अंग चोरून जाईल एवढी फट राहिली. दादा त्या फटीत शिरायचे. आतून खटाक-खट ऐकू आलं की मला बरं वाटायचं, आज काकू जेवणार.

थंडीत काकू गेल्या. भिंत गप्प झाली. पोरंसुद्धा डबे उघडून नुसती बसायची.

तेरावं झाल्यावर एक दिवस दादा आले, पण शटरपाशीच उभे राहिले. मी जवळ गेले. त्यांनी खिशातून धोटा काढून माझ्या हातात दिला.

"बाय, आज तू वाजव. मी तिच्या जागंवर बसतो. तिला काय कलत व्हता, तां मना येकदा बघायचाय."

आणि गेले.

मी पदर खोचून फटीत शिरले. एका पोराने हाक मारली, "मॅडम, आप?" मी म्हटलं, "चूप बैठ!" दादा खाटेपाशी पोचले असतील इतका वेळ थांबले आणि बडवायला सुरुवात केली. खटाक-खट, खटाक-खट. कोणी हसलं नाही.

किती वेळ बडवायचं ते विचारायचं राहिलंच होतं. मी थांबले असते तर शिफ्ट सुटली असती. आणि शिफ्ट सुटल्यावर त्या घरात जेवायला थांबलेलं आता कोणी नव्हतं. खांदा दुखायला लागला, रडू आवरत नव्हतं, तरी मी बडवत राहिले.